चार कोपरे आणि एक निळा दोरा

यरुशलेमच्या गल्ल्यांत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये किंवा लंडनच्या गोल्डर्स ग्रीनमध्ये धार्मिक ज्यू पुरुषांच्या कमरेपाशी नजर गेली, तर शर्टाखालून पांढऱ्या दोऱ्यांचे झुबके लोंबताना दिसतात. नवख्या माणसाला वाटतं, आतला कपडा उसवला असावा. जरा निरखून पाहिलं की एकाखाली एक बांधलेल्या गाठी दिसतात आणि दोन गाठींच्या मधल्या जागेत घट्ट आवळलेले वेढे. उसवलेल्या कपड्याला इतकी शिस्त नसते.

या गोंड्यांना हिब्रूत त्सित्सीत म्हणतात. बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायाच्या शेवटी त्यांची आज्ञा आहे आणि ती अगदी थोडक्यात आहे. वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत, त्यांत एक निळा दोरा असावा, आणि ते दृष्टीस पडले की देवाच्या सगळ्या आज्ञा आठवाव्यात. विसरू नये म्हणून पदराला गाठ मारणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

पण या साध्या युक्तीत एक गंमत दडलेली आहे. आज्ञा म्हणते, पाहा. गोंडा पाहण्यासाठीच केलेला. आणि तरी तो गोंडा धर्मशास्त्राप्रमाणे खरा की खोटा, हे ज्या गोष्टींवरून ठरतं त्यांतल्या निम्म्या डोळ्यांना दिसतच नाहीत. सूत कातताना कातणाऱ्याच्या मनात काय होतं, निळा रंग कुठल्या प्राण्याचा, विकणाऱ्याची जीभ खरी होती का, यातलं काहीही गोंडा हातात घेऊन कळत नाही. दोन हजार वर्षांची चर्चा, एक फसवणूक, एक हरवलेला रंग आणि थोडं रसायनशास्त्र या एवढ्याशा दोऱ्याभोवती गुंडाळलेलं आहे.

आधी कपड्याचं पाहू. हा नियम फक्त चार कोपऱ्यांच्या वस्त्राला लागू होतो. पूर्वी अंगावर घ्यायचं वस्त्र म्हणजे चौकोनी कापडच असे, त्यामुळे नियम आपोआप सगळ्यांना लागू पडे. पुढे शिवलेले कपडे आले. शर्टाला किंवा टी-शर्टाला त्या अर्थानं कोपरे नाहीत, मग गोंडे कशाला लावायचे? शास्त्राच्या अक्षराप्रमाणे पाहिलं तर आजच्या ज्यू माणसाची यातून सुटका झालेली आहे. आणि इथेच मला या लोकांची खरी मौज वाटते. सुटका मिळाली म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी मुद्दाम एक चौकोनी कापड शिवलं, मध्ये डोकं घालायला भोक ठेवलं, पुढे दोन आणि मागे दोन कोपरे सोडले, आणि ते शर्टाच्या आत घालायला सुरुवात केली. याला म्हणतात तालीत कातान, धाकटा तालीत. नियम लागू व्हावा एवढ्याचसाठी अंगावर चढवलेला कपडा. उलटही घडतं. एखाद्या लांब कोटाला मागे चीर असल्यामुळे चार कोपरे होत असतील, तर काहीजण त्यातला एक कोपरा कापून गोल करून घेतात, म्हणजे त्या कोटाला गोंडे लावायला नकोत.

थोरला तालीत म्हणजे प्रार्थनेच्या वेळी खांद्यांवर घ्यायची मोठी शाल, बहुधा पांढरी, काळ्या किंवा निळ्या पट्ट्यांची. सकाळी तो पांघरताना आशीर्वचन म्हणायचं, क्षणभर तो डोक्यावरूनही घ्यायचा आणि मग खांद्यांवर सोडायचा. 1897 मध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली तेव्हा झेंडा कसा असावा हा प्रश्न आला. डेव्हिड वोल्फसोन यांनी उत्तर शोधलं ते याच शालीत. इस्राएलच्या झेंड्यावरचे दोन निळे पट्टे तिथून आलेले आहेत.

कोण, कधी, कसा घालतो याच्या तऱ्हा मात्र अनेक. पुष्कळ घरांत मुलगा तीन वर्षांचा झाला की त्याला धाकटा तालीत घालतात. पूर्व युरोपातून आलेल्या अनेक कुटुंबांत थोरला तालीत लग्नानंतरच मिळतो, जर्मन ज्यूंमध्ये तो लहान मुलंही घेतात. कोणी गोंडे बाहेर मिरवतात, कोणी खिशात किंवा पँटमध्ये खोचतात. इस्राएली सैनिकांसाठी लष्करी हिरव्या रंगाचे धाकटे तालीत निघाले आहेत. बायकांना या आज्ञेतून मोकळं ठेवलं गेलं, कारण ती दिवसाशी, म्हणजे वेळेशी बांधलेली मानली गेली. पण तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातच रब्बी यहूदा आपल्या घरातल्या स्त्रियांच्या वस्त्रांनाही गोंडे लावत अशी नोंद आहे, आणि आज उदारमतवादी पंथांत अनेक स्त्रिया तालीत घेतात. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी तालीत घेऊन प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांना पोलिसांनी धरल्याचे प्रसंग या शतकातलेच आहेत.

दिवसाचा संबंध कुठून आला? ‘पाहा’ या शब्दातून. रात्री दिसत नाही, म्हणून रात्री बंधन नाही. मग आंधळ्या माणसाचं काय, हा प्रश्न तालमूदच्या पंडितांनी विचारला नसता तर नवल. त्यांनी ठरवलं की आंधळ्यालाही गोंडे हवेत. त्याला दिसत नसले तरी समोरच्याला दिसतात. आणि पहाटेची प्रार्थना नेमकी कधीपासून म्हणायची, याची वेळही त्यांनी डोळ्यांवरच सोपवली. निळा आणि पांढरा यांतला फरक ओळखू येऊ लागला की उजाडलं.

ती प्रार्थना म्हणजे ‘शेमा’. तिचा तिसरा भाग म्हणजे गोंड्यांच्या आज्ञेचाच उतारा. सकाळी तो म्हणताना चारही कोपऱ्यांचे गोंडे एका हातात गोळा करतात आणि त्सित्सीत हा शब्द आला की त्यांना ओठांशी नेतात. उताऱ्यात तो तीनदा येतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, ग्रंथ गेले, पुढे शतकानुशतकं बाहेरच्या ज्यूंशी संबंध राहिला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली हिब्रू जवळजवळ विसरले होते, पण ‘शेमा’चे सुरुवातीचे शब्द तेवढे त्यांच्या तोंडी टिकून होते.

आता जरा मागे जाऊ, कारण कोपऱ्यालाच एवढं महत्त्व का, हे समजल्याशिवाय गोंड्याचा अर्थ उलगडत नाही. प्राचीन पश्चिम आशियात वस्त्राचा काठ म्हणजे माणसाची ओळख होती. मेसोपोटेमियात करार मातीच्या पाटीवर लिहीत आणि शेवटी मुद्रा उमटवत. ज्याच्याकडे मुद्रा नसे तो ओल्या मातीवर आपल्या वस्त्राचा काठ दाबे, आणि ती त्याची सही मानली जाई. युफ्रेटिसच्या काठी मारी नावाचं नगर होतं. तिथे सापडलेली इसवी सनापूर्वी 18 व्या शतकातली पत्रं सांगतात की कुणाच्या अंगात येऊन त्यानं राजाला देवाचा निरोप दिला, तर अधिकारी निरोपासोबत त्या माणसाच्या केसांची बट आणि वस्त्राचा काठ कापून राजाकडे पाठवत. माणूस तिथे राही, पण त्याची खूण राजाच्या हातात जाई. घटस्फोटातही काठ कापण्याचा विधी होता.

हे ध्यानात ठेवलं की बायबलमधले जुने प्रसंग वेगळे दिसू लागतात. शौल राजा दावीदाचा जीव घ्यायला निघालेला असतो आणि नेमका दावीद लपलेल्या गुहेतच शिरतो. दावीद त्याला मारत नाही, गुपचूप झग्याचा कोपरा कापून घेतो, आणि मग त्याचं मन त्यालाच खाऊ लागतं. कापडाच्या तुकड्यासाठी एवढा पश्चात्ताप का? कारण तो नुसता तुकडा नव्हता, राजाची राजेपणाची खूण होती. रूथ मध्यरात्री बवाजाला त्याच्या वस्त्राचा कोपरा आपल्यावर पसरायला सांगते, ती लग्नाची मागणी आहे. आणि बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेली बाई गर्दीतून वाट काढत येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावते, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तोच गोंड्यांसाठीही वापरलेला आहे. येशू ज्यू होता, त्याच्या वस्त्राला गोंडे असणं साहजिकच होतं. दिखाव्यासाठी गोंडे लांबलचक ठेवणाऱ्यांना त्यानं सुनावलेलंही मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे.

म्हणजे काठाला झालर किंवा गोंडा असणं ही इस्राएली लोकांची खास गोष्ट नव्हती. त्या काळच्या प्रतिष्ठित लोकांचे काठ सजलेलेच असत. नवीन होतं ते हे, की तो सगळ्यांना लावायला सांगितला, मेंढपाळालासुद्धा. आणि त्यात निळा दोरा घालायला सांगितला, ज्याची किंमत राजवाड्यांना परवडणारी होती.

त्या दोऱ्याबद्दल आणखी एक नवल आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात गोंड्यांच्या आज्ञेच्या अगदी आधीच्या वाक्यात लोकर आणि ताग एकत्र करून विणलेलं कापड घालायला मनाई आहे. ताग म्हणजे इथे अळशीचा, ज्याचं लिनन होतं तो. आता निळा दोरा लोकरीचा, कारण तो रंग लोकरीवरच नीट चढतो. अंगावरचं वस्त्र पुष्कळदा लिननचं. म्हणजे गोंडा बांधला की मनाई मोडली! पंडितांनी निकाल दिला की गोंड्यांपुरती ही मनाई बाजूला राहते. हे मिश्रण आणखी एकाच ठिकाणी चालत असे, मंदिरातल्या पुरोहितांच्या पोशाखात. मुख्य पुरोहिताचा एक झगा तर सगळाच या निळ्या रंगाचा होता. अमेरिकी अभ्यासक रब्बी जेकब मिलग्रोम यांनी यातून अर्थ काढला की गोंड्यातला तो एक दोरा म्हणजे सामान्य माणसाच्या अंगावर आलेला पुरोहिताच्या पोशाखाचा अंश आहे. मला हा अर्थ पटतो, कारण नाहीतर शेजारच्याच दोन वाक्यांत मनाई आणि तिला अपवाद असण्याला काही कारण सापडत नाही.

गोंडा बांधायला चार दोरे लागतात, त्यांतला एक बराच लांब. त्याचं नाव शमाश, म्हणजे सेवक, कारण वेढे घालायची मेहनत त्याच्याकडे. कोपऱ्यापासून थोडं आत एक भोक असतं. काठाच्या फार जवळही नाही आणि फार दूरही नाही, कारण कोपऱ्याला लोंबणारा असं म्हणता आलं पाहिजे. चारही दोरे त्यातून ओवून मधोमध दुमडले की आठ पदर होतात. चार एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला धरून दुहेरी गाठ मारायची. मग शमाशचे सात वेढे, पुन्हा दुहेरी गाठ. आठ वेढे, गाठ. अकरा, गाठ. तेरा, आणि शेवटची गाठ. पाच गाठी, एकोणचाळीस वेढे, आणि खाली सुटे सोडलेले आठ पदर, बांधलेल्या भागाच्या साधारण दुप्पट लांब. वेढे घालताना बाकीचे सात पदर पीळ न पडता सरळ ताणून धरावे लागतात. हात सैल पडला तर वेढे एकमेकांवर चढतात आणि सगळं उलगडून पुन्हा बसावं लागतं.

ही मध्य आणि पूर्व युरोपातली पद्धत. हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत असते, म्हणून वेढ्यांत अर्थ भरता येतो. देवाच्या चार अक्षरी नावाची किंमत सव्वीस, ‘एक’ या शब्दाची तेरा. दोन्ही मिळून एकोणचाळीस, म्हणजे देव एक आहे. स्पेन आणि पूर्वेकडच्या काही ज्यूंत वेढे दहा, पाच, सहा, पाच असे घालतात; ती थेट त्या नावाच्या अक्षरांची किंमत. त्सित्सीत या शब्दाची बेरीज सहाशे, त्यात आठ पदर आणि पाच गाठी मिळवल्या की सहाशे तेरा, म्हणजे तोरातल्या (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतल्या) एकूण आज्ञांची परंपरेनं मोजलेली संख्या. 11 व्या शतकातल्या राशी यांच्या भाष्यात हा हिशेब आहे आणि तो फार लोकप्रिय आहे. पण 13 व्या शतकात रामबान यांनी बोट ठेवलं की तोरात हा शब्द एक अक्षर कमी घालून लिहिलेला आहे, त्यामुळे बेरीज सहाशे होतच नाही. हिशेब चुकीचा निघाला म्हणून कुणी तो सांगायचा थांबला नाही, हा भाग निराळा.

सूत कातताना कातणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं असतं की हे त्सित्सीतसाठी आहे. तसं न म्हणता कातलेलं सूत, कितीही सुबक असलं, तरी चालत नाही. यंत्रावर कातलेल्या सुताबद्दल म्हणूनच वाद झाला: बटण दाबणाऱ्यानं मनात संकल्प केला तर पुरतं का? बऱ्याच जणांनी हो म्हटलं, काटेकोर मंडळी आजही हातसूत मागतात. तसंच, कापडाच्या स्वतःच्या दशा, म्हणजे विणून उरलेले ताण्याचे धागे, त्यांनाच गाठी मारून गोंडा केला तर तो बाद. गोंडा करावा लागतो, आधीच असलेल्यातून तो काढायचा नाही. थोरल्या तालीतच्या दोन टोकांना जी भरघोस झालर दिसते ती निव्वळ शोभा आहे. धर्माच्या दृष्टीनं मोल आहे ते कोपऱ्यांतल्या चार झुबक्यांना.

तालमूदमध्ये या झुबक्यांची एक गोष्ट आहे. गोंड्यांच्या बाबतीत फार दक्ष असलेल्या एका विद्यार्थ्याला कळतं की समुद्रापार एक गणिका आहे आणि ती चारशे सोन्याची नाणी घेते. तो पैसे पाठवतो, दिवस ठरवतो, पोचतो. तिनं सात पलंग एकावर एक रचलेले असतात, सहा चांदीचे आणि सर्वांत वरचा सोन्याचा. तो कपडे उतरवत वर चढू लागतो आणि त्याचे चारही गोंडे उसळून त्याच्या तोंडावर फटाफट बसतात. तो खाली जमिनीवर येऊन बसतो. तीही खाली येऊन त्याच्यासमोर बसते आणि विचारते, माझ्यात काय खोट दिसली ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही. तो म्हणतो, तुझ्याइतकी सुंदर बाई मी पाहिली नाही, पण हे चार साक्षीदार उभे राहिले. ती त्याच्या गुरूचं आणि गावाचं नाव लिहून घेते, आपल्या संपत्तीचे तीन भाग करते, एक सरकारला, एक गरिबांना, एक स्वतःसोबत, आणि गुरूच्या दारात जाऊन ज्यू व्हायचंय म्हणते. शेवटी त्याच विद्यार्थ्याशी तिचं लग्न लागतं. धर्मग्रंथात ही गोष्ट इतक्या मोकळेपणानं सांगितलेली आहे, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता निळ्या दोऱ्याकडे. तेखेलेत हे त्या रंगाचं नाव. रब्बी मेईर यांनी सांगितलं की हा रंग समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा आणि आकाश देवाच्या सिंहासनासारखं. दोऱ्यावरून नजर टप्प्याटप्प्यानं वर जावी अशी ती योजना. रंग मिळे हिलाझोन नावाच्या समुद्री जीवापासून. तालमूदनं त्याचं वर्णन कोड्यात केलं आहे: अंग समुद्रासारखं, आकार माशासारखा, सत्तर वर्षांतून एकदा वर येतो, म्हणून महाग. एके ठिकाणी असंही आहे की रंगाऱ्याला तो जिवंत हवा असतो, म्हणजे रंग स्वच्छ उतरतो.

महाग म्हटलं की भेसळ आलीच. कला इलान नावाची एक वनस्पती होती. बहुतेकांच्या मते ती नीळ. तिचा रंग हुबेहूब तसाच आणि फार स्वस्त. तालमूद बजावतो की इजिप्तमध्ये कोण पहिला जन्मलेला आणि कोण नाही हे ज्या देवानं ओळखलं, तोच देव नीळ लावून तेखेलेत म्हणणाऱ्याला ओळखेल आणि शिक्षा करील. याचा सरळ अर्थ, माणसाला ओळखता येत नव्हतं. परीक्षा सांगितलेल्या आहेत, मूत्र घातलेल्या द्रावणात रात्रभर भिजवण्याची आणि जवाच्या आंबलेल्या कणकेत भाजण्याची, पण बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला त्यांचा काय उपयोग? नीळ त्या काळात आपल्याकडूनही पश्चिमेला जात होती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत सिंधूच्या मुखावरच्या बंदरातून निघणाऱ्या मालात तिची नोंद आहे.

मृत समुद्राजवळच्या एका गुहेत 1960-61 मध्ये यिगाएल यादिन यांना रोमविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडातल्या, म्हणजे दुसऱ्या शतकातल्या लोकांचं सामान सापडलं. त्यात जांभळट निळ्या लोकरीचा पुडा होता, अजून न कातलेला. गोंड्यांसाठीच तो असावा असं यादिन यांचं मत. तपासणीत तो रंग नीळ आणि एका लाल रंगाचं मिश्रण निघाला. रोमशी जिवावर उदार होऊन लढणाऱ्या माणसांच्या गाठोड्यातसुद्धा नक्कलच होती.

मग खरा रंग नाहीसाच झाला. रोमन बादशहांनी शंखांच्या रंगावर निर्बंध आणले, युद्धं झाली, अरबांच्या विजयानंतर किनाऱ्यावरचे रंगारी उरले नाहीत. सातव्या-आठव्या शतकापासून गोंडे पांढरेच. मिश्ना या जुन्या संहितेत आधीच म्हटलेलं होतं की निळा नसल्यानं पांढरा बाद होत नाही, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर ज्यू लोक बाराशे वर्षं पांढरे गोंडे बांधत राहिले. ज्या रंगासाठी आज्ञा होती तो रंग गेला, गाठी राहिल्या.

1887 मध्ये पोलंडमधल्या राजिन गावचे रब्बी गेर्शोन हेनोख लाईनर हरवलेला हिलाझोन शोधायला निघाले. नेपल्सच्या प्रसिद्ध मत्स्यालयात काचेसमोर उभं राहून त्यांनी समुद्री जीव पाहिले आणि म्हाकुलाच्या जातीचा एक प्राणी निवडला, ज्याच्या पाठीतलं हाड आपल्याकडे समुद्रफेस म्हणून मिळतं. त्याची शाई काळी. पण एका इटालियन रसायनतज्ज्ञानं दिलेल्या कृतीनं, लोखंड वगैरे घालून तापवल्यावर, झकास निळा रंग तयार झाला. दोन वर्षांत हजारो अनुयायी निळे गोंडे घालू लागले.

1913 च्या सुमारास आयझॅक हर्झोग नावाचा तरुण रब्बी लंडन विद्यापीठात याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता. त्यानं राजिनचा दोरा तपासायला पाठवला. उत्तर आलं: हा प्रशियन ब्लू आहे. 18 व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला कृत्रिम रंग, जो जनावराच्या रक्तापासूनही करता येतो. प्राण्याचं काम फक्त नायट्रोजन पुरवायचं. म्हाकूल नसता तर बैलही चालला असता. इतक्या श्रद्धेनं केलेल्या शोधाची अशी वाट लागलेली वाचून हळहळ वाटते. पण हर्झोग यांनी राजिनवाल्यांकडून कृती मागवली होती आणि ती पत्रं त्यांच्या कागदपत्रांत राहिली. नाझींनी राजिनचा समाज संपवला तेव्हा ती कृती या पत्रांमुळेच वाचली. पुढे हर्झोग इस्राएलचे प्रमुख रब्बी झाले. त्यांचा मुलगा आणि नंतर नातू देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

हर्झोग यांच्यासमोर खरा उमेदवार होताच: भूमध्य समुद्रातली म्युरेक्स ट्रंक्युलस नावाची काटेरी शंखाची गोगलगाय. अडचण एवढीच की तिचा रंग जांभळा निघे, आणि तेखेलेत तर निळा. 1909 मध्ये व्हिएन्नाच्या पॉल फ्रीडलेंडर यांनी तिच्या जातभाईच्या 12,000 गोगलगाई फोडून 1.4 ग्रॅम रंग मिळवला होता आणि तो ब्रोमीनचे दोन अणू जोडलेला निळीचाच रेणू असल्याचं दाखवलं होतं. हे ब्रोमीनच रंगाला जांभळा करतं. ते काढणार कसं? हर्झोग 1959 मध्ये वारले, उत्तर न मिळताच.

उत्तर होतं उन्हात. 1980 च्या दशकात इस्राएलच्या शेंकर महाविद्यालयातले रसायनतज्ज्ञ ओट्टो एल्सनर यांच्या लक्षात आलं की ढगाळ दिवशी रंगवलेली लोकर जांभळी होते आणि लख्ख उन्हात रंगवलेली निळी. गोगलगायीच्या ग्रंथीतला स्राव आधी पांढुरका असतो. हवा लागली की तिच्याच शरीरातलं एक विकर त्याला जांभळं करतं. ती मेली की ते विकर लवकर निकामी होतं, म्हणजे जिवंत हवी हे तालमूदचं म्हणणं खरंच होतं. हा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून लोकर रंगवण्यासाठी आधी त्याचं क्षपण करून तो विरघळवावा लागतो. त्या अवस्थेत द्रावण पिवळट हिरवं दिसतं. याच अवस्थेत त्यावर ऊन पडलं की किरणं ब्रोमीन तोडून टाकतात. मग लोकर बुडवायची आणि वर काढायची. वर येते तेव्हा ती पिवळसर हिरवी असते, आणि हवेत धरल्या धरल्या, पाहता पाहता, टोकांपासून निळी होत जाते. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर उघड्यावर काम करणाऱ्या प्राचीन रंगाऱ्यांना ऊन वेगळं मिळवावं लागत नव्हतं.

आता कळसाची गोष्ट. निळीच्या रेणूवरचं ब्रोमीन काढलं की उरते नीळ. महागडा, राजेशाही, गोगलगायीचा तेखेलेत आणि ज्याला शाप दिला तो स्वस्त कला इलान, दोन्हींचा निळेपणा एकाच रेणूचा आहे! तालमूदच्या गिऱ्हाइकाला फरक दिसत नव्हता, कारण पाहण्यासारखा फरक फारसा नव्हताच. उन्हात सगळं ब्रोमीन मात्र जात नाही. त्याच्या उरलेल्या खुणांवरून आज प्रयोगशाळा समुद्राचा रंग ओळखते. जे काम देवावर सोपवलं होतं ते आता एक यंत्रही करतं. बार कोखबाच्याच काळातल्या, वादी मुरब्बाअतच्या गुहांतून मिळालेल्या कापडांत असा खरा गोगलगायीचा रंग सापडल्याचं नाआमा सुकेनिक यांनी 2013 च्या अखेरीस जाहीर केलं.

गेल्या काही दशकांत हा रंग पुन्हा तयार होऊ लागला आहे; 1990 च्या दशकापासून इस्राएलमधली ‘प्तील तेखेलेत’ ही संस्था तेच काम करते. सगळ्यांनी तो स्वीकारला मात्र नाही. अनेक मोठे रब्बी म्हणतात, परंपरा एकदा तुटली की प्रयोगशाळेनं ती जोडता येत नाही. काहींना खटकतं की जी गोगलगाय ज्यूंना खायला निषिद्ध, तिच्यापासून पवित्र दोरा कसा? समर्थक म्हणतात, सर्व खुणा जुळतात, आणि चुकून तो नसला तरी पांढरा गोंडा काही बाद होत नाही. आजही बहुसंख्य गोंडे पांढरेच दिसतात.

आणि ज्यांनी निळा घ्यायचं ठरवलं त्यांच्यापुढे नवीन प्रश्न उभा आहे. आठ पदरांपैकी निळे किती? कैरोला राहिलेल्या रामबाम यांच्या मते एक. प्रोव्हान्सच्या राआवाद यांच्या मते दोन. फ्रान्सच्या राशींच्या मते चार. रंग हरवलेला होता तोवर हा वाद ग्रंथांत पडून होता, कुणाचं अडत नव्हतं. आता दुकानदार पाकीट काढण्याआधी विचारतो, कुणाच्या मताचं देऊ?